श्रावणात नाव बंद असते

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे कमेंटमध्ये झोडपायला तुम्हाला सोपं जाईल. माझी दुसरी कादंबरी जबलपूरमध्ये घडते, आणि ती लिहून, छापून, विकली जाईपर्यंत मी जबलपुरात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. पुण्यात बसून नकाशे पाहिले, लोकांनी टाकलेले सहलीचे व्हिडिओ पाहिले आणि दिलं ठोकून. कुणाला कळलं नाही. एका परीक्षणात तर 'नर्मदेचा जिवंत अनुभव' असं छापून आलं, आणि मी ते कात्रण फ्रिजवर लावलं.

मग गेल्या हिवाळ्यात एका दुपारी फोन आला.

"मॅडम जी, मी मेश्राम बोलून राहिलो, जबलपूरहून. तुमच्या सतराव्या प्रकरणात सुलभा श्रावणात भेडाघाटला नावेत बसते."

"हो, आणि बुडते."

"श्रावणात नाव बंद असते जी. नर्मदेला पूर राहते. दिवाळीनंतर चालू होते."

हे मेश्रामकाका तोफगोळ्यांच्या सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. आलेला माल पास की रिजेक्ट, एवढंच ठरवायचं काम. मी फणकाऱ्याने म्हटलं, की कादंबरी म्हणजे तोफगोळा नाही.

"नाही जी, तक्रार नाही करून राहिलो. नाव बंद, म्हणजे सुलभा बुडालीच नाही. म्हणून मी वाचवली तिला. पण आता मी अडकलो."

हळूहळू सगळं बाहेर आलं. काकूंची नजर साखरेच्या आजाराने गेली. काका रोज चार वाजता चहा झाला की त्यांना पुस्तक वाचून दाखवतात. ज्या दिवशी डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं की नजर आता परत येणार नाही, नेमकं त्याच दिवशी माझं सतरावं प्रकरण आलं. "एका दिवसात किती ऐकवू तिला?" काका म्हणाले. त्यांनी पुस्तक हातात तसंच धरलं आणि पुढचं स्वतःच्या मनाने सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग?" तीन महिने झाले, काकूंचं "मग?" काही संपेना आणि पुस्तकही संपेना. काकूंच्या मते माझी कादंबरी सहाशे पानांची आहे. खरी आहे दोनशे बारा.

"आता तिला लेखिकेला भेटायचं आहे," काका म्हणाले. "या नं. फक्त सुलभा गेली असं बोलू नका."

योगायोगाने दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं माझ्या टेबलावर होती आणि दुरुस्त्या महिनाअखेर पाठवायच्या होत्या. निदान नावेचं तरी बघून येऊ म्हटलं, आणि निघाले.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: नागपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे सकाळची बस धरा. सिवनी, लखनादौन करत सहा तास लागतात. रस्ता झकास आहे, मध्ये जंगल लागतं, आणि ढाब्यावरचा चहा इतका गोड असतो की दुसरा घ्यायची हिंमत होत नाही. बसमध्ये सिनेमा लावला होता. नायक गुंडांच्या अड्ड्यात शिरला आणि तेवढ्यात जबलपूर आलं. ड्रायव्हरने पडदा बंद केला. एकाही प्रवाशाने तक्रार केली नाही. जो तो आपापला शेवट डोक्यात घेऊन, पिशव्या उचलून उतरला. शेवटावर आठ महिने घालवणारी मी एकटीच सीटवर चडफडत बसले होते.

राइट टाउनमधल्या काकांच्या घरापर्यंत ऑटोवाल्याने दोनशे मागितले, दीडशेला आला. काका दारातच उभे होते, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. "जय भीम मॅडम जी," म्हणाले आणि लगेच आवाज खाली आणून, "रिछाईत नोकरी, पाटनला लग्न. लक्षात ठेवा."

"कोणाचं?"

"सुलभाचं!"

तेवढ्यात काकू भिंतीला हात लावत बाहेर आल्या. माझा हात शोधून घट्ट धरला आणि मला सरळ पानावर नेऊन बसवलं. पाटोडीचा झणझणीत रस्सा होता. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि परीक्षा सुरू झाली.

"ताई, सुलभाला रिछाईच्या कारखान्यात लावली, हे चांगलं केलं. पण पाटनच्या मटारवाल्या व्यापाऱ्याशी लग्न काहून ठरवून राहिल्या? मले तो माणूस पटत नाही."

मी काकांकडे पाहिलं. ते काकूंच्या मागे उभे राहून दोन्ही हात हलवत होते. होकार की नकार, काही कळेना.

"मला पण तो... पूर्ण पटलेला नाही," मी म्हटलं.

"बघा! मी यांना तेच म्हणून राहिले होते." काकू खूश झाल्या. "एक सांगू? राग नका मानू. सुरुवातीला तुम्ही वर्णन लय करता बाप्पा. आभाळ असं, पाणी तसं. दोनशे पानं झाली तरी कोणी जेवत नाही! नंतर मात्र तुमचा हात बसला. ती नाव बंद असते तिथून पुढे तर काय लिहिलं आहे!"

म्हणजे माझं लेखन सुधारलं ते नेमकं माझं लेखन संपल्यावर. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते आणि मला, खरं सांगते, भयंकर राग आला होता. रात्री अंथरुणावर पडून मी पहिली दोनशे पानं आठवून पाहिली. कुणीही जेवत नव्हतं. एकदा एक जण पाणी पितो.

दुसऱ्या दिवशी तिघं भेडाघाटला गेलो. जायला-यायला ऑटो ठरवून घ्या, परतताना मिळत नाही. धुआंधारला आधी जा. धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो आणि काकू त्या आवाजाकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. तुषार अंगावर आले तसं पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "इथलं आभाळ तुम्ही लिहिलं, हा आवाज नाही लिहिला." व्हिडिओ पाहताना मी आवाज बंद ठेवला होता, हे काही मी त्यांना सांगितलं नाही.

मग संगमरवरी कड्यांमधून नाव. ही चुकवू नका. नावाडी सगळं यमक जुळवून सांगत होता. दाएं देखिए, यहां हीरोइन का दुपट्टा उड़ा; बाएं देखिए, यहां हीरो पानी में कूदा.

"हीरो कूदा कि उसका डुप्लीकेट?" काकूंनी विचारलं.

"अम्मा, पानी में भीगे तो दोनों थे."

काकू हसल्या. मग थोडं पुढे सरकून म्हणाल्या, "भैया, सावन में एक लड़की आई थी. नाव मांग रही थी. तुमने ही लौटाया था क्या?"

काकांनी नावेची कड धरली. नावाड्याने वल्हं मारता मारता शांतपणे सांगितलं, "हां अम्मा. मैंने बोला, अभी बंद है, दिवाली के बाद आना. चाय पिलाई और वापस भेजा."

"चहाचं पण बरोबर सांगितलं," काकू म्हणाल्या. "तशी मी येडी नाही ताई. गोष्ट आहे, माहीत आहे मले. पण विचारायला काय जाते?"

नावेत तीन थापाडे होते, आणि माझा नंबर तिसरा होता.

काकूंनी पिशवीतून पुस्तक काढलं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. "सही द्या. पहिल्या पानावर नको. ती नाव बंद असते आणि सुलभा घरी वापस येते, त्या पानावर. डॉक्टरने सांगितलं त्या दिवशी मलेही वाटलं होतं, बस झालं आता. मग संध्याकाळी यांनी ते पान वाचलं. मी म्हटलं, चला, दिवाळीपर्यंत थांबून बघू. दिवाळी तर होऊन पण गेली."

काका तोंड फिरवून पाण्याकडे बघत होते. मी सतरावं प्रकरण उघडलं. त्या बुडण्याच्या परिच्छेदावर माझा फार जीव होता, साहित्य संमेलनात वाचून दाखवलाय मी तो. पेन काढलं आणि वरपासून खालपर्यंत उभी रेघ मारली. समासात लिहिलं: 'नाव बंद होती. सुलभा चहा पिऊन घरी गेली.' खाली सही केली.

"काय लिहिलं, वाचा," काकू काकांना म्हणाल्या.

काकांनी चष्मा सारखा केला. वाचलं. पुन्हा एकदा मनात वाचलं आणि म्हणाले, "पास."

परतताना खव्याची जिलेबी खाल्ली. काळी, जड, आणि पुण्याच्या बारीक जिलेबीला लाजवणारी. काकूंना साखरेमुळे खायची नव्हती, म्हणून त्यांनी नुसता वास घेतला आणि काकांना दोन जास्त खायला लावल्या.

पुण्याला आल्यावर प्रकाशकांना दुरुस्ती पाठवली. ते म्हणाले, शोकांतिका होती म्हणून तर नाव झालं, आता मुलगी जगली तर पुढे काय होतं? प्रश्न रास्त होता. उत्तर फक्त काकांना माहीत होतं. मग रोज चार वाजता मी जबलपूरला फोन लावायला लागले. काका स्पीकर चालू ठेवून 'वाचायचे', तिकडे काकू ऐकायच्या, इकडे मी चोरून वहीत उतरवायचे. पाटनच्या व्यापाऱ्याचं लग्न मोडलं, तेव्हा आम्ही दोघी एकदमच "बरं झालं" म्हणालो.

परवा फोन काकूंनी उचलला.

"हे बँकेत गेले, ताई. रांग मोठी आहे म्हणे. आजचं तुम्हीच सांगा. तुमचंच तर पुस्तक आहे."

सुलभा आदल्या दिवशी रिछाईच्या बस स्टॉपवर उभी होती. पुढचं मला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं. घसा खाकरला आणि सुरू केलं. बस आली, सुलभा चढली, खिडकीशी बसली. बाहेर आभाळ होतं. आभाळावर मी चांगली पाच मिनिटं बोलले.

"ताई," काकू मध्येच म्हणाल्या, "पोरगी सकाळपासून कामावर आहे. जेवली का ती?"

डबा मी दिलाच नव्हता तिला.

"नाही, काकू. आता घरी जाऊन जेवेल."

"मग आभाळ राहू द्या," काकू म्हणाल्या. "आधी घरी आणा तिला."