जावयाच्या हातात बोट

अधिक महिना आला की आमच्याकडची माणसं आपली अक्कल जावयाच्या पायावर वाहून टाकतात. पुरणाचे धोंडे करायचे, आहेर करायचा आणि तो म्हणेल त्याला मान डोलवायची. मीही डोलवत आले. त्या दिवशी मात्र किळस आली.

मुलानं नळदुर्गाकडच्या रस्त्याला एका तलावावर छोटी मोटारबोट सुरू केली होती. मागं दोरीला हवेची गोल ट्यूब. तिच्यावर माणूस पालथा पडतो, बोट त्याला पाण्यावरून ओढत नेते. बोटीबरोबर मालवणकडचा एक माणूस दोन दिवस शिकवायला आला होता. त्याला भाकरी मी वाढायची, म्हणून त्याचं बोलणं माझ्या कानावर पडलं. चालवणाऱ्यानं पुढं बघायचं, दुसऱ्यानं फक्त मागं, ट्यूबवरच्या माणसाकडं. इंजिनाची लाल दोरी चालवणाऱ्यानं मनगटाला अडकवायची, म्हणजे तो पडला तर दोरी निसटून इंजिन बंद होतं. पाण्यात पडलेला माणूस बोटीजवळ आला की आधी इंजिन बंद, मग हात द्यायचा. मी चौथी शिकलेली, माझ्या ध्यानात राहिलं. मुलगा कॉलेज करून आलेला. तो मान हलवत होता आणि मोबाईल बघत होता.

लेक आणि जावई धोंड्याच्या जेवणाला आले. जेवणाआधी तलावावर जायचं ठरलं.

"दाजी, आज तुमीच चालवा," मुलगा म्हणाला. "एवढा ट्रॅक्टर चालवताय, हे काय अवघड हाय?"

जावई टोपी सावरत बसला. आहेराचा नवा शर्ट चुरगळेल म्हणून लाइफ जॅकेट त्यानं बुडाखाली घेतलं. पाहुण्यानं घातलं नाही, मग आपण कसं घालायचं, म्हणून मुलानंही घातलं नाही. ट्यूबवर माझी नात, मुलाची मुलगी, तेरा वर्षांची. तिच्या जॅकेटचे पट्टे मी स्वतः आवळले. मग बोटीत चढून मागं तोंड करून बसले. मुलगा जावयाकडंच बघत बसणार, हे मला ठाऊक होतं.

"ती लाल दोरी हाताला अडकवा म्हणावं त्यांना," मी मुलाला म्हणाले.

"आई, दाजींना काय दावं लावायचं का आता?"

दोघं हसले. दोरी तशीच लोंबत राहिली.

जावयानं बोट पळवली. मुलगा त्याचा व्हिडिओ काढू लागला. मधोमध गेल्यावर जावयानं एकदम वळण घेतलं. ट्यूब बाहेर फेकली गेली, लाटेवर आपटली आणि पोरगी पाण्यात पडली.

"पडली," मी म्हणाले.

"पडायचंच असतं, मामी. त्यातच मजा हाय," जावई म्हणाला.

त्यानं बोट वळवून तिच्याजवळ नेली, पण बोट थोडी पुढं निघून गेली. मग ट्रॉली जोडायला ट्रॅक्टर मागं घेतात तशी त्यानं बोट मागं घ्यायला सुरुवात केली. मान वळवून, एका हातानं, ऐटीत. पोरगी हात मारत आमच्याकडंच येत होती. मधे इंजिनाचा पंखा.

"जावईबापू, बंद करा."

"मामी, रोज ट्रॉली लावतो म्या. इंचाचा फरक पडत न्हाय."

"आई, जरा दमानं," मुलगा म्हणाला. मोबाईल अजून वरच होता.

मी उठले, जावयाच्या पोटावरून हात घातला आणि लाल दोरी ओढून काढली. इंजिन बंद पडलं. बोट तशीच सरकत राहिली आणि पोरगीच्या खांद्याला टेकून थांबली. पंख्यापासून ती हातभर लांब होती. तिला मी वर ओढलं. मुलानं नंतर हात लावला.

त्याचं पहिलं वाक्य काय असावं? "आई, पाव्हण्याच्या अंगावरून असा हात घालतेत व्हय?"

घरी येईपर्यंत जावई फुगला. लेक मला स्वयंपाकघरात म्हणाली, "तू त्यांचा पार कचरा केलास. चार शब्द गोड बोल आता." मी ताटं मांडायला घेतली. शेवटी मुलानंच हातापाया पडून त्याला पाटावर बसवलं. धोंडे तुपात बुडवून वाढले. दुसऱ्या धोंड्याला जावई खुलला. आईनं दाजींची बोट कशी बंद पाडली, ते मुलगा रंगवून सांगू लागला आणि पंगत हसू लागली. पोरीची आईसुद्धा हसली. पाहुण्यापुढं तिला हसावंच लागतं, हे मला कळतं. तरी मी वाढायचं सोडून मागं गेले.

नात मागच्या पडवीत होती. तिचे केस पुसताना मी विचारलं, "तू बाजूला का झाली न्हाईस गं? बोट मागं येताना दिसली न्हाई?"

"तोंडावर पाणी उडत हुतं. कान पाण्यात हुते," ती म्हणाली. "पाण्यात त्यो आवाज सगळीकडूनच येतो, आजी. कुठं जावं ते कळंना."

आत जाऊन हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळे तिसरा धोंडा घ्या म्हणून जावयाला आग्रह करत होते.