भरीव गोळी

त्या दुपारी मी आणि बायको परळच्या खोलीत पेपर पसरून काडतुसं पुसत बसलो होतो. रायफल तिची, तीनशेपंधरा बोअरची. बापाकडून आलेली, लायसनपण तिच्या नावावर. भात पिकायला लागलं की परवानगी काढून आम्ही गावी रानडुकरांपासून शेत राखायला जायचो. नेम तिचा. मी नुसती बॅटरी धरायचो.

"यंदा भरीव गोळ्या घे," मी म्हटलं. "तुझ्या नरम टोकाच्या खाऊनपण डुक्कर पळतं."

"तुमका काय कळता? नरम गोळी आत गेली की पसरता, डुकरातच रवता. भरीव आरपार जातली. पलीकडे वाडीतलो कोण उभो आसलो मगे?"

"गावचे डॉक्टर तर त्यांच्या थर्टी-ओ-सिक्स रायफलीला कडक गोळी घालतात."

"तेंची गोळी जोरात जाता. अगदीच नरम घातली तर हाडावर चुरो होता. माझ्या रायफलीक तो ताप नाय. तुम्ही बॅटरी धरा."

पण नरम गोळीचं शिशाचं टोक त्या जुन्या रायफलीत अडकायचं. म्हणून ती घरीच एकेक काडतूस आत सरकवून बघायची. असं करू नये, पण सवय. माझ्या तोंडाला कंटाळून तिनं त्या दिवशी भरीवपण घालून बघितली. मग म्हणाली, छातीत भरून येतंय. रायफल कपाटाच्या बाजूला उभी केली, आडवी झाली. परत उठली नाही.

स्मशानातून आलो आणि काडतुसं गोळा केली. भरीव एक कमी. पेपराखाली नाही, खाटेखाली नाही. म्हणजे ती रायफलीच्या आतच. मला तर रायफलीचा बोल्टपण उघडता येत नाही.

कपाटाच्या पलीकडे फळीची भिंत. फळीला लागून शेजारच्या बाळंतिणीचा पाळणा. रायफल पडून बार उडाला असता, तर नरम गोळीनंपण फळी फोडली असती. भरीव तर कुठं जाऊन थांबली असती, देव जाणे.

खोली माणसांनी भरलेली. मी रायफलीसमोर बसलो, कोणाला टेकू दिलं नाही. मेव्हणी म्हणाली, "भावोजी, जरा पडा." म्हटलं, इथंच बरा आहे. सांगायची छाती झाली नाही. लायसनवाली गेली, आता पोलीस मलाच आत टाकणार, हेच डोक्यात.

सकाळी सगळे अस्थी आणायला निघाले, माझ्यासाठी खाली थांबले. मी गेलो नाही. बाळंतिणीला म्हटलं, पोराला घेऊन खाली जा, काही विचारू नको. ती गेली. खोलीला कुलूप घातलं आणि चौकीत गेलो.

"बायको काल गेली. तिची भरलेली रायफल घरात आहे. मला उघडता येत नाही."

हवालदार म्हणाला, "बसा काका."

"बसत नाही. तुम्ही चला."