डबीतली चमकी

रत्नागिरी स्टेशनात गाडी येऊन थांबली, तरी आई माझी हनुवटी धरून नाकातल्या चमकीची मागची फिरकी तपासत होती. "घट्ट आहे गो. जा आता," म्हणाली आणि तोंड फिरवून उभी राहिली. तिच्याच एका मोडक्या कुडीचं सोनं आटवून आमच्या सोनाराने ती चमकी घडवली होती. साल २००१. नवरा आधीच कॅनडात पोचला होता, मी मागून निघाले होते.

तिथल्या पहिल्याच थंडीत मफलर काढताना चमकी अडकून निघाली आणि बेसिनमध्ये पडली. सापडली, पण परत घालायचा धीर होईना. मग आम्ही कोकणातली माणसं करतो तेच केलं. चांगली वस्तू कापसात गुंडाळून कुंकवाच्या डबीत ठेवली आणि रोजच्याला मॉलमधून एक झगमगीत खोटी चमकी आणली. वस्तू जपून ठेवण्यात आमचा हात कोण धरणार!

आठवड्याभरात नाक लाल झालं, सुजलं, पू धरला. मी आपली खोबरेल आणि हळद लावत राहिले. मी कामाला लागले होते त्या बेकरीतल्या शिफ्टच्या बायकांनी ते पिवळं नाक बघून मला जवळजवळ ओढतच डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, खोट्या दागिन्यातलं निकेल तुला सोसत नाही. टायटॅनियम घाल, नाहीतर निकेल नसलेलं चांगल्या कॅरेटचं सोनं. भोक रिकामं ठेवू नको, पू आत कोंडेल. मिठाच्या पाण्याने धू, आणि हळद पुरे. त्यांनी टायटॅनियमची साधी चमकी बसवून दिली. मात्र सूज उतरली नाही तर तीही काढावी लागेल आणि भोक बुजेल, असंही बजावलं.

लहानपणी आईच्या मांडीवर बसून टोचून घेतलेलं ते भोक. ते बुजलं तर आईला काय तोंड दाखवू? घास उतरेना. शेवटी कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून आईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"आणि मी दिलेली?"

"डबीत आहे. हरवेल म्हणून ठेवली."

आई खो खो हसली. "अगो बाय, डबीत ठेवायला दिली होती काय? माझं लग्नातलं पातळ असंच ट्रंकेत कसर लागून गेलं. भोक बुजलं तर बुजलं, येशील तेव्हा परत टोचू. चमकी हरवली तर हरवली. तू नाक सांभाळ."

फोन ठेवून मी रडले, आणि मग पोटभर जेवले.

सूज हळूहळू उतरली. नाक पुरतं बरं झाल्यावर डबी उघडली. तेव्हापासून तीच चमकी बेकरीत, बर्फात, सर्दीतसुद्धा नाकात असते. मफलर तेवढा आता बिनलोकरीचा घेतला.

माझ्यासारख्या ज्या बाहेर पडल्या, त्यांच्याही कपाटात अशी एखादी डबी असेल. घर हरवेल या धास्तीने मी ते कापसात गुंडाळून ठेवलं होतं. आता पीठ मळता मळता नाकाला खाज आली, की मनगट चमकीला लागतं आणि आई हनुवटी धरून उभी असते.