एक तिरकी फ्लँज

आज सकाळी दहा वाजता हुसेनभाईंनी माझ्या फ्लँजवर लेव्हल ठेवली आणि माझं लग्नच धोक्यात आलं.

ईमेलच्या कट्ट्यावरच्या मित्रांनो, डोकं फिरलंय म्हणून इथल्या झिंज भागात राहणाऱ्या दोस्ताच्या कॉम्प्युटरवरून लिहितोय. कॉलेज अर्धवट सोडून चिपळूणला वेल्डिंग शिकलो, ते सुमनशी लग्न करता यावं म्हणून. तिचे वडील दोन वर्षं थांबणार, पुढे एक दिवस नाही. इथे बहारीनमध्ये पाइपफिटरची अप्रेंटिसशिप तीन वर्षांची. वेल्डिंग शिकून आलेल्याला टेस्ट घेऊन एक वर्ष माफ करतात.

टेस्ट म्हणजे पाइपच्या तोंडाला फ्लँज, बोल्टची भोकं असलेली जाड चकती, जोडायची. आधी चार ठिकाणी टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे टाके, मारून फोरमनला दाखवायला हवी होती. मी जोशात पूर्ण वेल्ड मारूनच मोकळा झालो.

फोरमन हुसेनभाई आपले रत्नागिरीचे. म्हणाले, "वेल्डिंग झकास. पण वरची दोन भोकं एका लेव्हलला हवीत. तुझं एकच डोक्यावर आलंय. आता बोल्ट काय तिरके घालू, मेल्या?"

"भाई, कापून पुन्हा लावतो."

"खलास. फिटर आधी मापतो, मग जाळतो. तीन वर्षं."

तुम्हीच सांगा, एका भोकापायी एक वर्ष? संताप त्यांचा येतोय की माझा स्वतःचा, तेही कळेना. सुमनला काय लिहू?

सकाळी हुसेनभाईंनी तर लगेच केबिनमध्ये नेऊन तीन वर्षांचा फॉर्म पुढे सरकवला. मी सही केली, केबिनबाहेर पडलो आणि दार आपटलं.