अर्ज थेट जंगी लाटाला

चहा आधी पिऊन घ्या बुवा. माझी फजिती ऐकल्यावर तो कडू लागेल. कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला!

लढाईचे दिवस होते. मी इंग्रजी चौथीत शाळा सोडलेला. पण चांदूर बाजारात आमच्या आळीत तेवढ्यावर मी विद्वान! चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नसे, कागदावर मात्र मी वाघ.

शेजारच्या सुखदेवकाकांचा नामदेव पलटणीत भरती होऊन झाशीला गेलेला. इकडे त्याच्या आईनं अंथरूण धरलं. काका माझ्याकडे आले.

"बाबू, तुही काकी पोराचं नाव घेऊन राह्यली. त्याच्या कॅप्टनसायबाले सुट्टीचा अर्ज लिहून दे."

"कॅप्टनले?" मी हसलो. "काका, नुसत्या पटवाऱ्याले अर्ज देऊन कधी काम झालं काय? तहसीलदाराले, डिप्टी कमिशनरले नकला गेल्या, का मंगच पटवारी हालते!"

आपल्या वऱ्हाडची रीतच ती. खोटं सांगतो का?

अमरावतीच्या स्टेशनावर मी भरतीचं चित्र पाहिलं होतं. शिपाई, खलाशी, विमानवाला. तिघांचा धनी एकच, दिल्लीचा जंगी लाट, म्हणजे सरसेनापती. मग काय! अर्ज थेट त्यालाच, आणि नकला लष्कर, आरमार, विमानदल, तिघांनाही.

"आरमाराले कावून बाप्पा? नाम्याले तं पोहताबी येत नाही!"

"असू द्या. दाब पडते."

शिवाय वजन यावं म्हणून मी एक ओळ घुसडली: 'कॅप्टनसाहेब दाद देत नाहीत.' कॅप्टनला कोणी विचारलंच नव्हतं! पण तक्रारीवाचून वरचा साहेब अर्ज वाचतो होय?

उत्तरं आली की! आरमार म्हणालं, हा इसम आमच्या जहाजावर नाही. विमानदल म्हणालं, आमच्याकडेही नाही. सरकारी पाकिटं पाहायला आळी लोटली. काकींनी ती उशाखाली ठेवली. "आता येते माहा नाम्या."

नाम्या आला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी.

"सुट्टी मंजूर होती, भाऊ," ओट्यावर बसून तो मला हळूच म्हणाला. "माय बिमार हाय म्हटलं, तं कॅप्टनसायबानं उभ्या उभ्या सही केली. शनिवारी निघत होतो. शुक्रवारी दिल्लीचा कागद उतरला. डिव्हिजन, मंग ब्रिगेड, मंग पलटण, मंग आमची कंपनी. कॅप्टनसायबावर तक्रार! चौकशी होईपर्यंत सुट्टी बंद. मंग माहा जबाब त्याच पायऱ्यांनी वर गेला."

तो आणखी जवळ सरकला.

"अर्ज कोनं लिहिला, लय खोदून इचारलं. तुमचं नाव नाही सांगितलं."

तेवढ्यात काका बाहेर आले आणि ती दोन पाकिटं त्यांनी माझ्या हातात ठेवली.

"जपून ठेव, बाबू. जीव जाईपर्यंत म्हणे तुही काकी, नाम्यासाठी बाबूनं केवढं केलं!"