चिखलदऱ्याचा पोचा

"बाईले दम खाऊ द्या," असं म्हणत तो मोटारच्या बॉनेटवर तळहात ठेवायचा आणि चटका कमी होईपर्यंत जागचा हलायचा नाही. बाई म्हणजे मोटार, माझ्या सासऱ्यांची, अकोल्याच्या जठारपेठेतली. हा तिचा ड्रायव्हर. घरी फुलांचा मळा, पण याचा सगळा जीव मोटारीत. मालकाच्या वस्तूला मालकाहून जास्त जपणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

माझं लग्न नवं होतं, वकिलीची सनदही नवीच. सासऱ्यांनी सगळ्यांना चिखलदऱ्याला न्यायचं ठरवलं. परतवाड्याला त्याने गाडीत पाणी भरलं आणि घाट लागताच सासूबाईंना बजावलं, "माय, जराशा चूप बसा. बाई काय म्हणून राहिली, ते ऐकू द्या मले." सासूबाई खरंच गप्प बसल्या. तसं मी पुढे कधीच पाहिलं नाही!

वर पोचल्यावर मंडळी दरी पाहायला कड्याकडे गेली. मी मागे राहिलो. गाडी वळवून ठेवायची मला हौस आली.

"नोका, जावईबापू. बाई परका हात वयखते."

गाडी म्हणे परका हात ओळखते! मी ऐकतो कसला! नवा जावई, त्यात वकील. बसलो स्टिअरिंगवर. गाडी सरळ मागे गेली आणि खडकावर आदळली. दिवा फुटला, मडगार्डला हातभर पोचा पडला.

तो पोच्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "उतरा. तुमी काई बोलू नोका."

"अरे, पण..."

"जावयाचा मान असते. मी पायतो."

सासरे परत आले, तेव्हा त्याने खाली मान घालून सांगितलं, "माह्याच्यानं ठोकल्या गेली, साहेब." मी तेवढा वेळ दरी पाहत होतो. समोरचा एकूण एक डोंगर मला अजून आठवतो.

अकोल्याला उतरताच सासऱ्यांनी त्याला काढून टाकलं. उद्या खरं सांगू, असं मी रोज ठरवत होतो. कोर्टात साक्षीदारांना दरडावणारा मी, पण घरात जीभ उचलली नाही. मग सासरेच गेले. आता सांगायचं कोणाला, अशी माझी सोयही झाली. गाडी ठोकणारा म्हणून त्याचं नाव झालं होतं. पुन्हा त्याला कोणी मोटारीवर ठेवलं नाही. तो मळ्यात राबत राहिला.

तो वारल्याचं कळलं तेव्हा त्याच्या घरी गेलो. बायकोला तरी सांगून टाकायचं, म्हणून वाटभर वाक्यं जुळवत होतो. ती ओट्यावर झेंडूच्या माळा ओवत होती. मला पाहून उठली, डोक्यावर पदर घेतला. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "जावईबापू, यायच्या हातून तुमची गाडी फुटली होती. लय मनाले लावून घेतलं होतं यायनं. आता तरी माफ करा त्यायले."

त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

ती हात जोडून उभी होती.

"केलं," मी म्हणालो.