माझं एका शब्दाचं क्रिओल

हैतीची क्रिओल भाषा मला बऱ्यापैकी येते, फक्त ते मला माहीत नव्हतं.

आमची सई कॉलेजच्या सेवा-गटात आहे. ही मुलं पूर्वी सुट्टीत मदत घेऊन हैतीला जायची. तिकडे जाणं अवघड झाल्यापासून ती अटलांटाजवळ राहायला आलेल्या हैतीच्या कुटुंबांसाठी दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये राबतात. तांदळाची पोती न्यायला त्यांना आमच्या गावाहून, अल्फारेटाहून, एक मोठी गाडी हवी होती. गाडी आमच्याकडे होती, म्हणून सोबत बापालाही घेतलं. अट एकच, बाबाने कोणाशी बोलायचं नाही.

सईला काळजी होती ती ग्रानची. ग्रान म्हणजे आजी. मुलाकडे राहायला आल्यापासून ती हॉलच्या खिडकीपाशी नुसती बसून असायची. मुलांनी गाणी म्हटली, चित्रं दाखवली, पण ती अवाक्षर बोलेना. शेवटी तिचा मुलगा म्हणाला, पुढच्या शनिवारनंतर आईला आणत नाही. त्या दिवशी सई गाडीत रडली.

ग्रानच्या त्या शेवटच्या शनिवारी पोती उतरवून मी तिच्या शेजारच्या खुर्चीत टेकलो. दुपारचं ऊन, पंख्याची घरघर, शिजत्या भाताचा वास. डोळे मिटायला लागले. (तो माझा एकमेव छंद आहे.) तेवढ्यात ग्रान काहीतरी पुटपुटली. मी सवयीने म्हणालो, "काय?"

ती चमकून माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू बोलू लागली. मला ओ की ठो कळेना, म्हणून मी पुन्हा "काय?" ती अजून बोलली. तिने हातांनी हवेत छप्पर काढलं, दार काढलं, दारापुढे झाड काढलं. अर्धवट झोपेत मी त्या झाडाखाली जाऊन बसलोसुद्धा! वारा छान होता. इतकं निवांत मला अमेरिकेत कधीच वाटलं नव्हतं. मध्येच माझ्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "काय ऊ?"

मी दचकून डोकं चाचपलं. (माझ्या टकलावर ऊ? बिचारी राहील कुठे?) पण वडीलधाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं! मान डोलावली, आणि आपल्या रीतीप्रमाणे वर "हो हो, या ना" म्हणालो.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात ग्रान, तिचा मुलगा आणि भाताचं भलंमोठं पातेलं. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा डोंगर, मी लुंगीत, बायकोच्या डोक्याला मेंदी.

"हे काय?" बायको माझ्यावर खेकसली.

ग्रानचा चेहरा उजळला. "काय! काय!" म्हणत, भिंतीवरून मायेने हात फिरवत ती सरळ आत आली.

जिन्यात उभी राहून सई हसत होती आणि डोळे पुसत होती. "बाबा, क्रिओलमध्ये काय मीन्स घर. काय ऊ म्हणजे तुझं घर. तू मान डोलावलीस ना, तिला वाटलं तू घरी बोलावलंस, म्हणून तिच्या मुलाने माझ्याकडून अ‍ॅड्रेस घेतला. मला वाटलं, तू आईला सांगितलंयस." मग हळूच म्हणाली, "आम्ही सगळं विचारलं रे तिला. घराबद्दल फक्त तू विचारलंस."

मला एकदम भरून आलं. ग्रान त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलत होती, आणि आता दर शनिवारी सगळ्यांच्या आधी हॉलवर हजर असते.

पाहुणे गेल्यावर बायकोने तिचं वीस वर्षांचं गाऱ्हाणं पुन्हा काढलं. "काही सांगितलं की नुसतं काय, काय! लक्ष कुठे असतं तुमचं?"

"घरातच," मी ऐटीत म्हणालो.

तिने सोफ्यावरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. "मग घाला घड्या."

मी म्हणालो, "काय?"